अर्धा इंची वॉशर

नळाची तोटी गळायला लागली की लोक धावत जाऊन कारागीर बोलावतात. गरज नसते. रस्त्याकडचा कॉक बंद करावा, तोटीवरची पितळी टोपी पान्याने सैल करावी, आतला दांडा फिरवत वर काढावा. दांड्याच्या टोकाला एक चकती असते, मध्ये भोक असलेली. तिला वॉशर म्हणतात. तोटी बंद केली की ही चकती आतल्या पितळी कडेवर दाबून बसते आणि पाणी अडतं. चकती झिजली की पाणी ठिबकतं. जुनी काढायची, नवी घालायची, टोपी आवळायची. पाच मिनिटांचं काम. गेल्या दोन वर्षांत मी ते नव्वदहून जास्त वेळा केलं आहे.

माझं नाव गुंडो. के. आर. पुरमच्या बाजूला एक कारखाना आहे, तिथल्या टूल रूममध्ये मी मापं तपासतो. इंचाचा हजारावा भाग इकडचा तिकडे झाला की माल परत पाठवायचा, हे माझं काम आणि हाच माझा स्वभाव. पद्मावती, म्हणजे माझी बायको, म्हणते की लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हाही मी त्याची लांबी मोजत असणार. ते खरं नाही. रुंदी मोजत होतो.

आम्ही चामराजपेटेत पाचव्या क्रॉसला, म्हणजे पाचव्या आडव्या गल्लीत राहतो. आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इथे घोड्यावरून आलं, असं वडील सांगायचे. घोड्याचं पुढे काय झालं ते कुणाला माहीत नाही; आम्ही कितीतरी पिढ्या कारकून आहोत. वडील गेले तेव्हा मी रडलो नाही. लोकांना ते खटकलं. मलाही थोडं खटकलं, पण रडू आलं नाही एवढं खरं.

घरात आम्ही तिघंच. मी, पद्मावती आणि आई. आईचं नाव गोदूबाई. ही हकिकत सुरू झाली तेव्हा, म्हणजे १९६१ साली, ती एकाहत्तर वर्षांची होती. अंगावर लाल आलवण, डोक्यावरून पदर, आणि दिवसभर मडी. सोवळ्याला आमच्याकडे मडीच म्हणतात. भाषा मराठी राहिली, पण शेजार तीनशे वर्षांचा कानडी आहे.

मडीला चामडं चालत नाही. १९४९ साली मागच्या दारी, न्हाणीघराच्या भिंतीवर नळ आला, तेव्हा आईने कौतुकाने पद्मावतीकडून त्याला हळदकुंकू वाहवलं आणि मला विचारलं, “आत काय असतं रे, पाणी अडवायला?” मी तोटी उघडून दाखवली आणि सांगून टाकलं, चामड्याची चकती असते. गप्प बसण्याच्या ज्या मोजक्या संधी माणसाला मिळतात, त्यातली एक मी घालवली. त्या दिवसापासून बारा वर्षं आईने नळाचं पाणी तोंडात घेतलं नाही. ते आमच्या आंघोळीला आणि भांड्यांना. तिचं पिणं, तिचा स्वयंपाक, देवाचा नैवेद्य, सगळं परसातल्या आडाच्या पाण्यावर.

१९६१च्या वैशाखात आडाची एक कड आत ढासळली. आधीच पाणी खोल गेलेलं, त्यात माती पडली. गल्लीतले बाकीचे आड नळ आल्यावर लोकांनी बुजवून टाकले होते. मी नऊ दिवस ओल्या पंच्यानिशी जाऊन जवळच्या मठातून रोज एक कळशी आणली. दहाव्या दिवशी मठातल्यांनी हात जोडले. त्यांच्याही आडात देवापुरतंच उरलं होतं.

मग मला सुचलं ते कुणालाही आधी सुचलं असतं. चामड्याच्या जागी रबर घालायचं.

सिटी मार्केटजवळ बसवंतचं नळाच्या सामानाचं दुकान आहे. माणूस बेळगावकडचा, मराठी बोलायला गिऱ्हाईक मिळालं की खूश होतो. मी अर्ध्या इंचाच्या तोटीचा रबरी वॉशर मागितला तर त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

“रबर? ते म्हैन्यात फाटतंय बघा साहेब. चामड्याचा न्या, धा वर्सं तोटीकडं बघायला नको.”

“आईच्या मडीला चालत नाही.”

“अय्यो. मग काय इलाज नाही. न्या.” त्याने मूठभर रबरी चकत्या पुडीत बांधल्या. “पर तक्रार घेऊन येऊ नका.”

घरी येऊन मी एका चकतीवर तापलेल्या सुईने बारीक फुली केली. तपासलेल्या मालावर खूण करायची सवय हाताला लागली आहे. जुना चामड्याचा वॉशर आईसमोर फेकून दिला, नवा तिला दाखवून बसवला, आणि तांब्या भरून पुढे ठेवला. आईने तांब्या नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

“वास आहे रे.”

“आई, आता रबर आहे. तुझ्या डोळ्यांदेखत घातलं.”

“तुझ्या नळात नसेल. पाणी येतं त्या वाटेत कुठं तरी असेल की. रस्त्यात कॉक आहे ना तुमचा?”

खरं होतं. रस्त्यातल्या कॉकमध्ये चामडंच असतं. आईने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण तर्कात तिने मला चारी मुंड्या चीत केलं.

ती शहाळ्यावर राहू लागली. दूध घेईना, कारण दुधात पाणी असतंच आणि तेही नळाचंच, असं तिचं म्हणणं. त्यातही ती बरोबर असावी. नैवेद्य नाही म्हणून जेवण नाही. चौथ्या दिवशी तिची जीभ कोरडी पडून बोलणं जड झालं. मी शेजारी बसलो की ती माझ्याकडे बघायची आणि हसायची. रागावली असती तर बरं झालं असतं. तिची तहान मला बघवत नव्हती. मला सहसा काही वाटत नाही, पण हे वाटलं, आणि फार वाटलं.

पाचव्या दिवशी सकाळी तोटी ठिबकायला लागली. नव्या रबराने ठिबकायचं कारण नव्हतं. मी टोपी सोडवून दांडा बाहेर काढला.

टोकाला चामड्याची चकती होती.

जुनी होती तसली जाड, तपकिरी, तेलकट नव्हे. ही पातळ होती, फिकट गव्हाळ, आणि हाताला मऊ लागत होती. कडेजवळ माझी फुली होती. सुईने डागल्यासारखी ती दिसत नव्हती. लहानपणी खरचटून भरून आलेल्या जखमेचा वण दिसतो, तशी दिसत होती.

पान्याला घरात माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. बसवंतने रबर सांगून दुसरं काही दिलं म्हणावं, तर घातलं ते रबरच होतं. मी ते दातांनी चावून पाहिलं होतं. पण विचार करायला वेळ नव्हता. पाणी सातला जातं आणि साडेसहा झाले होते. मी चकती आणखी घट्ट आवळली आणि बादली लावली.

आतून आईचा आवाज आला. “गुंडो, आज कुठलं पाणी आलंय रे?”

“नळाचंच.”

“वास नाही आज. आण स्वल्प.”

मी तांब्या नेला. तिने तो नाकाशी धरला, बराच वेळ धरला, आणि मग तोंड न लावता वरून घटाघटा प्यायली. दुसरा मागितला. तिसऱ्याने चूळ भरून देवाचं पाणी वेगळं काढ म्हणाली. पद्मावती दारात उभी राहून डोळे पुसत होती. मी कारखान्याची बस पकडली.

त्या दिवशी दुपारी मी एका लेथपाशी जॉबचं माप घेत होतो. करपल्याचा वास आला. शेजारचा कामगार कानडीत ओरडला आणि त्याने माझा डावा हात ओढला. तापलेला पोलादी कीस बाहीतून आत शिरून दंडाखाली चिकटला होता. मला काहीच कळलं नव्हतं.

आमचे डॉक्टर त्रिविक्रमराव पुढच्याच रस्त्यावर राहतात. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि सुई टोचत गेले. इथे? नाही. इथे? नाही. एका टोचणीला मात्र मी हात झटकून मागे घेतला. त्यांनी पुन्हा पुन्हा तपासलं आणि शाईने एक गोल काढला. गोलाच्या आत सगळं बधिर. फक्त मधोमध, वाटाण्यापेक्षा लहान, एक जिवंत जागा.

“महारोगाचा डाग असा आखल्यासारखा नसतो,” ते म्हणाले. “आणि मध्ये जागा सोडून जात नाही. काही लावलं होतंस का हाताला?”

“नाही.”

त्यांनी जीवनसत्त्वाची इंजेक्शनं लिहून दिली. सही करताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर मी पुडीतला एक वॉशर घेतला आणि व्हर्नियर लावला. मग तोच व्हर्नियर दंडाखालच्या शाईच्या गोलाला लावला. बाहेरचं माप, मधल्या भोकाचं माप. अंगाच्या चामडीवर इतकं बारीक माप कुणी धरत नाही, पण आकडे सारखे आले. मी व्हर्नियर पुसून डबीत ठेवला.

ती चकती आठ दिवस टिकली. नवव्या दिवशी तोटी गळू लागली आणि आईने तांब्या दूर सारला. “आज वास आहे.” मी उघडून पाहिलं. चकती काळवंडून सैल पडली होती. मी नवा रबरी वॉशर बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई पाणी प्यायली. दुपारी मला उजव्या हातावर दुसरा गोल सापडला. तेव्हापासून मी सुई खिशातच ठेवतो.

मी सगळं करून पाहिलं. आड उपसायला माणसं आणली तर उरलेली कडही आत आली, आणि पावसाळ्यानंतर मठानेही नळ घेऊन आपला आड बुजवला. शिशाची चकती घातली, लाकडाची घातली, सायकलच्या ट्यूबची कापून घातली. एक रात्र गेली की आत तीच पातळ, गव्हाळ चकती. एकदा मी काहीच करायचं नाही असं ठरवलं. तोटी गळू दिली. चार दिवस आई शहाळ्यावर राहिली आणि पाचव्या दिवशी तुळशीपाशी कोसळली. तिला उचलून आत ठेवलं आणि पाना घेऊन परसात गेलो.

पद्मावतीला मी सांगितलं नव्हतं. पण बायकोपासून नवऱ्याची पाठ किती दिवस लपणार? आंघोळीच्या वेळी कढत पाणी पाठीवर पडलं आणि मी हललो नाही, तेव्हा तिने तांब्या खाली ठेवला.

सगळं ऐकल्यावर ती एकच म्हणाली, “पुढचा मी बसवते.”

मी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही. पुढच्या खेपेला मी कारखान्यात असताना तिने माझ्या पान्याने टोपी काढली, रबर घातलं, टोपी आवळली. काम अगदी नीट केलं होतं, मी तपासलं. दोन दिवस, तीन दिवस, रबर रबरच राहिलं. तोटी थेंबभरही गळली नाही. आणि आईने पाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी तेच रबर काढून पुन्हा माझ्या हाताने बसवलं. दुसऱ्या सकाळी आई प्यायली.

 संध्याकाळी वाती वळताना पद्मावती म्हणाली, “आईला कातड्याचे जोडे करून घातले तरी उपकार फिटत नाहीत, असं लोक नुसतं म्हणतात हो. म्हणायचं असतं ते.”

“तिला तहानेने मरू देऊ?”

“आणि तुम्ही?”

“मला दुखत नाही,” मी म्हणालो. ते खरं होतं आणि तेच तिला सहन होत नव्हतं.

रविवारी सकाळी ती मला पाटावर उघडा बसवायची. सुई आणि ओली केलेली जांभळी पेन्सिल घेऊन पाठीवर एकेक गोल शोधायची, आणि मग ते कागदावर उतरवून मला दाखवायची. पहिले काही हातांवर होते, इकडे तिकडे. पाठीवर मात्र ते ओळीत आले होते. एक ओळ, तिच्याखाली दुसरी, अर्ध्या गोलाने सरकवलेली. दोन गोलांच्या मध्ये केसाएवढी फट. पत्र्यातून चकत्या कापायच्या असल्या की आम्ही टूल रूममध्ये अशीच आखणी करतो. यात पत्रा सगळ्यात कमी वाया जातो. कागद हातात घेऊन मी बघत राहिलो. मीही असंच आखलं असतं.

आईची तब्येत सुधारली. गालांवर मांस आलं. ती पुन्हा स्वतः नैवेद्य करू लागली, पहाटे स्तोत्रं म्हणू लागली. शेजारच्या बायका म्हणायच्या, गोदूअक्का दहा वर्षांनी लहान दिसतात.

गेल्या श्रावणात पद्मावतीचा धीर सुटला. मी कामावरून आलो तर ती पायरीवर बसली होती.

“मी सांगितलं अत्याबाईंना,” ती म्हणाली. आईला ती अत्याबाई म्हणते. “नळात कातडं आहे म्हणून.”

“मग?”

“माहीत आहे, म्हणाल्या.”

मी चपला काढल्या.

“म्हणाल्या, मला वास येत नाही होय गं? पण उघड्या लेकराचा मडीला विटाळ नसतो.” पद्मावतीने पदर तोंडाला लावला. “आणि परत जपाला बसल्या.”

आमच्यात हे खरंच आहे. कपडे उतरवलेलं लहान मूल मडीतल्या बाईला शिवलं तरी चालतं. मीही लहानपणी तसाच आईच्या मांडीवर जाऊन बसायचो. पद्मावती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला राग येईल, निदान भीती वाटेल, असं तिला वाटत असावं. मी आत धुंडाळून पाहिलं. तिथे काही नव्हतं.

पद्मावती दुसऱ्या दिवशी होसकोट्याला माहेरी गेली. चार दिवसांसाठी म्हणून गेली. आता दोन महिने झाले.

काल माझा वाढदिवस होता. वाढदिवसाला आई डोक्यावर तेल घालते, चाळीस वर्षं घालते आहे. तिने न्हाणीघराच्या दाराशी पाट मांडला, तेलाची वाटी कोमट केली. मी पंचा नेसून बसलो. समोर नळ होता. वॉशर परवाच बदलला होता, तोटी कोरडी होती.

टाळूवर तेल पडलं ते कळलं. मग ती पाठीकडे वळली.

तेल चोळल्याचा आवाज येत होता. भिंतीवर तिच्या हाताची सावली खालीवर होत होती. मला हात कळत नव्हता. इथे एक ठिपका, तिथे एक ठिपका, असं काहीतरी लागत होतं, ओळीने.

“किती वाळलास रे,” आई म्हणाली.



सावली वर सरकली. एकदम दोन खांद्यांच्या मधोमध मला तिचा पुरा तळहात कळला. पाची बोटं, तळव्याची घट्टे पडलेली कड, अंगठ्याचा दाब. तेवढीच जागा अजून राहिली होती, तळहाताएवढी. आईचा हात इतका ऊन असतो, हे मी विसरून गेलो होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वडिलांच्या वेळी आलं नव्हतं.

हात तिथेच थांबला.

“गुंडो.”

“हं.”

“स्वयंपाकघरातही एक नळ घे. सारखं मागच्या दारी यायला होत नाही मला.”

“सरी, घेतो,” मी म्हणालो.

तिने बोटं पसरली, मिटली, पुन्हा पसरली.

“स्वल्प मोठाच घे,” आई म्हणाली.

मी पाठ हलवली नाही. तिने हात काढू नये, एवढंच मला वाटत होतं.